पंचवीसची फाइल, चोवीसचा सिनेमा

संध्याकाळी पणजीत इटालियन दिग्दर्शक जुलियानो मोंताल्दोचा १९७६चा ‘लान्येझे वा अ मोरिरे’ दाखवायचा होता, मराठी सबटायटल्ससह. रेनाता विगानोच्या १९४९च्या कादंबरीवरचा सिनेमा. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आन्येझे ही इटलीतल्या कोमाक्योच्या पाणथळ मुलखातली, कपडे धुऊन पोट भरणारी, वय झालेली बाई. जर्मनांनी नेलेला नवरा परत येत नाही आणि ती पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्यांना, निरोप, सामान पोचवू लागते. आन्येझे झालेली इन्ग्रिड थ्युलिन यात फार कमी बोलते. अशा सिनेमात सबटायटलची वेळ चुकली की जास्तच खुपतं.

दुपारच्या तपासणीत तेच झालं. ती झोपलेल्या शिपायाच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घालते, तिथे खाली पुढच्या प्रसंगातलं संभाषण झळकलं. प्रोजेक्शनवाला म्हणाला, “बाब, थोडं उशिरा लावूया, बसेल.” बसलं, पण दोनच मिनिटं.

अशा वेळी पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासावं. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर फाइल नुसती सरकवायची. फरक वाढत जात असेल तर चूक फ्रेमदराची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम पळतात त्याची. आमची सबटायटलची फाइल २५ फ्रेमच्या डीव्हीडीवरून बनलेली, डीसीपी (थिएटरात दाखवायची सिनेमाची डिजिटल प्रत) २४चा. म्हणजे मिनिटामागे २.४ सेकंद घाई. १३५ मिनिटांच्या शेवटी वाक्य ५ मिनिटं २४ सेकंद आधी. उपाय एकच, सगळ्या वेळांना २५ भागिले २४ने गुणणं. घाईत १.०४ घातलं तर शेवटी तेरा सेकंदांची चूक उरतेच, म्हणून अपूर्णांकच द्यावा.

दुसरी भानगड देवनागरीची. प्रोजेक्टरला सिनेमा पुरवणाऱ्या सर्व्हरने मजकूर स्वतः काढला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. त्यामुळे प्रत्येक वाक्य पारदर्शक पीएनजी चित्र करून दिलं. ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. धुकं आणि बर्फाच्या दृश्यांत पांढरी अक्षरं गडप होतात. काळी किनार हवीच. पिवळा रंग मला नको होता, त्या करड्या हिवाळ्यात तो बटबटीत दिसतो.

गुणाकाराला काही सेकंद लागले, चित्रं नव्याने काढून डीसीपीत भरायला उरलेली दुपार. फाइलच्या नावातच ‘२४’ लिहून ठेवलंय.