जिप्सी, 235/75 टायर आणि साठचा वॉबल: मूळ सापडलं किंगपिनमध्ये

साठच्या वेगाला रस्त्यावरचा एखादा जॉइंट किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना झपाट्याने हलायला लागायचं आणि गाडी तिसाच्या खाली आणेपर्यंत थांबायचं नाही. तो वॉबल गेला. स्टिअरिंगचा डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) काढून ठेवलेला असतानाही गेला, म्हणून ही नोंद लगेच. मागच्या वेळी जाड डॅम्पर मागवायचं ठरलं होतं. तो बेत रद्द.

गाडी तीच: मारुती जिप्सी एमजी413डब्ल्यू, पुढे-मागे पाटे, पुढच्या पाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी), 205/70 आर15 काढून 235/75 आर15 एमटी (चिखलासाठीचे मड-टेरेन टायर). बाहेरचा व्यास 668 मिमीवरून 733 मिमीवर गेला, म्हणजे जवळपास दहा टक्के. मीटर 55 दाखवतो तेव्हा जीपीएसवर 60 असतात. यापुढचे सगळे वेग जीपीएसचे.

आधी एक फरक स्पष्ट हवा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. ठरावीक वेगाला सुरू होणारी आणि वेग बदलला की आपोआप विरणारी थरथर म्हणजे बॅलन्सिंग, रिमचा आऊट किंवा टायर. धक्का लागल्यावर सुरू होऊन स्वतःच वाढत जाते ती शिमी, म्हणजे वर सांगितलेला वॉबल. तिचं घर नकल (किंगपिन या खिळीवर वळणारा, चाक धरणारा ॲक्सलच्या टोकाचा भाग), लिंकेज (स्टिअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतचे दांडे) आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) यांत. जमिनीतून, सीटखालून येणारी बारीक गुणगुण असेल तर प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) बघा. तो डिफच्या (ॲक्सलमधल्या डिफरेन्शियलच्या) रेशोमुळे चाकाच्या जवळपास चौपट फिरतो. या गाडीत पहिल्या दोन्ही तक्रारी एकत्र होत्या. त्यामुळे बॅलन्सिंग केलं की थोडा फरक पडायचा आणि निदान चुकायचं.

फोन बंपरला क्लॅम्प करून 240 फ्रेमवर चाकाचं स्लो मोशन घेतलं. 60 ला एक हेलकावा 33 फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला साधारण सात. 235/75 चा घेर 2.3 मीटर धरला तर 60 ला चाकही सेकंदाला सातदाच फिरतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला बसणारा छोटासा ढकला नकलच्या नैसर्गिक लयीशी जुळत होता. जुन्या हलक्या टायरला हाच सैलपणा खपून गेला, जड एमटीला खपला नाही.

आता ढिलाई कुठे, हा प्रश्न. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग जेमतेम दोन बोटं डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने खाली आडवं होऊन प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं. ड्रॅग लिंक, टायरॉड एंड, पिटमन आर्म, स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, पाट्यांचे बुश: सगळं घट्ट. मग जॅक, खाली घोडी, आणि चाक वर-खाली धरून हलवलं. डावीकडे किंचित टकटक. हीच खरी जागा. मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. टकटक बंद झाली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. इथे राहिली.

पण हाताला जाणवेल इतका प्ले येण्याच्या कितीतरी आधी प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) संपलेला असतो, आणि वॉबलला तेवढं पुरतं. म्हणून हातावर विश्वास न ठेवता काटा लावा. टायरॉड सोडवा, नकलच्या मागची ऑइल सील धरणारी प्लेट मोकळी करून सील बाजूला सरकवा. सीलच्या घर्षणासकट घेतलेला आकडा निरुपयोगी आहे. टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून आर्मला काटकोनात ओढा आणि नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणाचा आकडा लिहा. 1.0 ते 1.8 किलो हवा. उजवीकडे 0.9 आला, डावीकडे फक्त 0.3.

डावी बाजू उघडल्यावर खालच्या बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) सरळ चालीच्या जागी रोलरचे ठसे खोल उमटलेले दिसले. असा कप असेल तर शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) कमी करून उपयोग नाही. चाक सरळ असताना रोलर खड्ड्यात बसतात, वळवलं की जाम होतात आणि स्टिअरिंग मधोमध परत येत नाही. बेअरिंग कपासकट बदला, वरचं-खालचं दोन्ही. जुन्यावरचा कोरीव नंबर घेऊन पुण्याच्या नाना पेठेत गेलं तर काम होतं. जिप्सीच्या नावाने येणारा बिनब्रँडचा तयार किट घेण्यापेक्षा नंबरवर नामांकित कंपनीचं बेअरिंग घ्यावं, असं ठाम मत आहे. कप पितळी ड्रिफ्टने चहूबाजूंनी थोडाथोडा ठोकून बसवा. एका बाजूने ठोकला तर तिरका जातो.

किंगपिनखालची शिम काढली की प्रीलोड वाढतो. वरून आणि खालून सारखीच जाडी काढायची, नाहीतर नकल ॲक्सलच्या गोळ्यावर मध्यात राहत नाही आणि सील एका बाजूने घासते. डावीकडे नवी बेअरिंग घालून वर-खाली 0.1 मिमी काढल्यावर 1.4 किलो मिळाले. उजवीकडचे कप गुळगुळीत होते. तिथे वर-खाली 0.05 मिमी पुरली, आकडा 1.3. किंगपिनचे चारही बोल्ट टॉर्कवर आवळल्यानंतरच मोजा, बोटाने घट्ट केलेल्या बोल्टवर आकडा खोटा येतो. सील नवी घातली. जुन्या सीलमधून शिरलेलं तांबडं पाणीच बेअरिंगला खाऊन गेलं होतं.

टो-इन (पुढच्या चाकांचा आत वळलेला कल) 3 मिमीवर आणलं. मोठ्या टायरला टायरच्या मध्यउंचीवर, पुढे आणि मागे, खडूने मारलेल्या त्याच रेघेवर टेप लावा. ब्लॉकच्या कडेवरून मोजलं तर एमटीवर सहज पाच मिमीची चूक होते.

डॅम्पर काढून, टायरमध्ये 26 पीएसआय ठेवून, रिकाम्या सरळ पट्ट्यावर 50 ते 75. त्याच जॉइंटवरून सहा फेऱ्या. स्टिअरिंगला एक झटका, आणि तिथेच शांत. या क्षणासाठी तीन रविवार सार्थकी लागले. डॅम्पर आता परत लावला आहे, पण दोष झाकायला तो वापरू नये; चाचणी नेहमी तो काढूनच करावी.

उरली 85 च्या आसपासची बारीक थरथर. एका चाकाला 140 ग्रॅम शिसं लागत होतं, हेच संशयास्पद. रिम डायल गेजवर 0.6 मिमी, म्हणजे ठीक. दोष मशीनवर रिम बसवण्याच्या पद्धतीत निघाला. जिप्सीच्या हबचं भोक 108 मिमी, आफ्टरमार्केट रिमचं त्याहून मोठं, आणि अशी रिम नटांवर मध्यात येते, भोकावर नाही. मशीनवर मधल्या भोकात शंकू (कोन) घालून केलेलं बॅलन्सिंग गाडीवर चढवलं की बिघडतं. 5×139.7 चा (पाच नट, 139.7 मिमीच्या वर्तुळावर) फ्लँज अडॅप्टर, म्हणजे रिम नटांच्या भोकांवर धरणारा, असलेलं दुकान शोधा आणि आधी पंधरा-वीस किलोमीटर चालवून उभं राहून आलेला फ्लॅट स्पॉट घालवा. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजल्यावर 140 चे 55 ग्रॅम झाले. चिकटवायची वजनं चिखलात टिकत नाहीत, लोखंडी रिमला क्लिपचीच घ्या. ट्रेलहून आल्यावर रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडल्याशिवाय कुठलंही निदान सुरू करू नका.

राहिला कॅस्टर. किंगपिनच्या सपाट टोपीवर अँगल गेज ठेवून एक अंश मिळतोय, हवा साडेतीन. कारण लांब शॅकल. आपल्या गाडीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की ॲक्सल पुढे झुकतो. बेत होता लोखंडी वेजचा (पाटा आणि ॲक्सलमध्ये घालायची पाचर), जाड बाजू पुढे ठेवून, लांब सेंटर बोल्टसह. ॲल्युमिनियमची वेज चिरडते, ती नकोच. पण वेजने डिफचा पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) खाली जातो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एक थरथर काढून दुसरी आणण्यासारखं.

हे लिहिताना दुसरा मार्ग जास्त पटतोय. मूळ मापाचं शॅकल परत लावायचं आणि तेवढी उंची पाट्यांना कमान देऊन मिळवायची. दोन्ही टोकं सारखी उचलली गेल्याने कॅस्टर जवळपास मूळ जागी येईल आणि 235 ला मडगार्डची जागाही मिळेल. ड्रॅग लिंक तिरकी राहीलच, स्टिअरिंग पुन्हा मध्यावर आणावं लागेल. पाटे उतरवण्याआधी यू-बोल्ट नवे आणून ठेवायचे आहेत, ताणलेले जुने परत आवळायचे नाहीत. पुढचे आकडे पाटे बसल्यावर, 500 किलोमीटर झाले की. तेव्हा किंगपिनचा काटाही पुन्हा लावला जाईल, कारण नवी बेअरिंग बसल्यावर थोडा प्रीलोड सोडतात.