वायरिंग नवं, मग डायनॅमो जुनाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे उत्तर देऊन देऊन आता तोंड दुखतं. बडोद्यातल्या दांडिया बाजारातले ओळखीचे काका असोत की अहमदाबादहून आलेला नवा शौकीन, जुनी अ‍ॅम्बेसेडर उभी केली की प्रश्न तोच: "वायरिंग सगळं नवं टाकता, मग डायनॅमो आणि कटआऊट जुनेच का? अल्टरनेटर बसवून मोकळे व्हा की!" डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जुन्या गाडीचा जनरेटर, कटआऊट म्हणजे बॅटरीचा करंट त्यात उलटा जाऊ न देणारा स्विच, आणि अल्टरनेटर हा डायनॅमोचा हल्लीचा भाऊ. कुणाला माझ्या उत्तरात चिकटपणा दिसतो, कुणाला ओरिजिनलचं वेड. दोन्ही नाही.

डायनॅमो उघडता येतो. कार्बन झिजले तर बदला. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, लेथवर हलका कट मारून गोल करा, पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली घ्या, मागचा नवा बुश चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये भिजवून मगच बसवा. साफ करायला बारीक काचपेपर वापरा, एमरी नको. तिचा चुरा पट्ट्यांमध्ये अडकतो. आणि डायनॅमो जिवंत आहे की नाही ते गाडीवरच कळतं. डायनॅमोवरच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या टर्मिनलांच्या वायरी काढायच्या, ती दोन टर्मिनलं एकमेकांना जोडायची, मीटरचं एक टोक तिथे, दुसरं बॉडीला, आणि रेस हळूहळू वाढवायची. हजार आरपीएमच्या आसपास व्होल्टेज सरळ चढत गेलं पाहिजे. वीसच्या पुढे नेऊ नका. अर्ध्या-एक व्होल्टवरच घुटमळलं तर फील्ड कॉइल, म्हणजे आत चुंबक तयार करणारी गुंडाळी, गेली.

वायरीचं असं काही करता येत नाही. वरचं आवरण कडक होऊन तडकलं की ते परत मऊ होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांच्या वायरी सोलून बघा. टोकाला तांबं चकचकीत दिसतं, पण वीतभर आत काळं. बारीक तारांच्या फटींतून पाणी आवरणाच्या आत चढत जातं. अशा वायरीला सोल्डर धरत नाही, आणि मीटरवर ती चांगली दिसते कारण मीटरचा करंट नगण्य असतो. दिवा लावला की व्होल्टेज पडतं. दिव्यापाशी दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो, आणि मालक म्हणतात बल्ब बदला.

नवी वायर टाकताना रंग मूळचेच ठेवावेत: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. पुढच्या मेकॅनिकला याने जीवदान मिळतं. हेडलाइट आणि चार्जिंगला जाड वायर हवी. टोकाला थिंबल, म्हणजे वायर पकडणारं धातूचं टोक, नीट दाबून बसवावा. नुसतं सोल्डर केलं की ते जिथे संपतं तिथेच वायर थरथरून तुटते.

फ्यूजबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि गाड्या जळतात त्या तिथे. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो वितळण्याचा आकडा. सतत पेलायचा करंट त्याच्या निम्मा, साडेसतरा. त्याच्या जागी हल्लीचा ३५ अँपिअरचा फ्यूज टाकला की फ्यूजच्या आधी वायर पेटते. हेडलाइटच्या लाइनला तर या गाड्यांत बहुधा फ्यूजच नसतो.

आता एका मार्क टूची, म्हणजे अँबेसेडरच्या दुसऱ्या मॉडेलची, गोष्ट. रंगकाम दुसरीकडे झालेलं, सुरेख झालेलं. बॅटरी नवी, कॉइल नवी, इग्निशन स्विच नवा, सेल्फ तर दोनदा नवा. तरी सकाळी सेल्फ रडतरडत फिरायचा. मग एके दिवशी मालकांनी चोक ओढून सेल्फ मारला, तर चोकची नॉब हाताला चटका देऊन गेली आणि डॅशबोर्डखालून धूर आला. चोकच्या केबलचं बाहेरचं आवरण लालसर होऊन कार्पेटला डाग पडला होता. गाडी आणल्यावर इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढली, मीटरचं एक टोक बॅटरीच्या, गाडीच्या बॉडीला जोडलेल्या खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवलं आणि सेल्फ फिरवला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं होतं. होतं चारच्या वर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, बॉडीशी त्याचा संबंध फक्त अर्थच्या विणलेल्या पट्टीने. ती पट्टी कोऱ्या रंगावर आवळलेली, आणि रंगातून करंट जात नाही. सेल्फचा शंभराच्या वरचा अँपिअर करंट बॅटरीकडे परतणार कुठून? सापडली चोकची केबल. दोन्ही बाजूंचा रंग नाण्याएवढा खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, पट्टी नवी घातली, वरून व्हॅसलीन. पट्टी कॉइलपेक्षा स्वस्त. जुना दुसऱ्यांदा काढलेला सेल्फ धडधाकट होता.

म्हणून पार्ट बदलण्याच्या घाईचा मला राग येतो.

अल्टरनेटरचंही तसंच. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो. न बघता अल्टरनेटर लावला तर डायोड तत्काळ जातात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रोज अलकापुरीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून फिरायचं असेल, तर तुमचंच खरं. असा डायनॅमो बावीस अँपिअर देतो, आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन हळू चालू असताना, जवळजवळ काहीच नाही. मग अल्टरनेटर लावा, पण बॅटरीपर्यंतची तपकिरी वायर जाड करा आणि अँमीटर तेवढा करंट पेलतो का ते आधी बघा.

रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावला की गाडी मूळची राहिली नाही, असं पूर्वी मीच ठासून म्हणायचो. आता हेडलाइटला लावतो, ग्रिलमागे, दिसणार नाही असा. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, तेवढे जुन्या डॅशबोर्डच्या स्विचमधून नेणं मला पटत नाही. तरी मन खातंच. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली, तेव्हापासून गावात ओरिजिनल हा शब्द फार चालतो आणि तो मी अगदीच टाकून देऊ शकत नाही. सुती विणीच्या वायरींची एक गाडी सध्या आहे, आवरण शाबूत, पाणी कधी शिरलेलं नाही. ते हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, काढायचं की ठेवायचं, अजून ठरत नाही. हेडलाइटच्या लाइनला फ्यूज मात्र आधीच टाकलाय.