लीवेने मला दोनदा गंडवलं

सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या परीक्षेत चार्टवर्कचा, म्हणजे नकाशावर मार्ग आखायचा, माझा पेपर पहिल्या खेपेला उडाला, तो एका शब्दापायी. लीवे. व्याख्या तोंडपाठ होती: वाऱ्याच्या रेट्याने जहाज आपल्या मार्गावरून बाजूला सरकतं, ते सरकणं म्हणजे लीवे. पण व्याख्या पाठ असून गणित सुटत नाही.

गणित होतं साधंच. जहाज ०७० अंशांच्या रेषेवरून न्यायचंय (अंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचे, पूर्व म्हणजे ०९०), वारा दक्षिणेचा, लीवे ५ अंश. दक्षिणेचा वारा जहाजाला उत्तरेकडे ढकलणार, म्हणून आपण आधीच ५ अंश वाऱ्याकडे तोंड करून ०७५ धरायचं. मी घाईत ०६५ लिहिलं. म्हणजे आधीच ५ अंश चुकीचं, वर वारा आणखी ५ ढकलणार, जहाज जाणार ०६० वर. साठ मैलांत एका अंशाला साधारण एक मैल हा आमचा ढोबळ हिशोब. त्या हिशोबाने माझं कागदी जहाज दहा सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर बाजूला गेलं. इंग्लंड-फ्रान्समधली डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटर आहे, यावरून काय ते समजा.

घोळ असा की या गणिताच्या दोन जाती असतात. जहाज अमुक दिशेला तोंड करून चाललंय, तर प्रत्यक्षात कुठे जाईल, असं विचारलं की लीवे वाऱ्याबरोबर धरायचा. अमुक ठिकाणी जायचंय, तोंड कुठे करू, असं विचारलं की वाऱ्याविरुद्ध. मी अधिक-वजाचे नियम पाठ करत बसलो होतो. शिकवायला एक निवृत्त कॅप्टन होते, रत्नागिरीकडचे. त्यांनी माझी वही बंद केली, टेबलावर खोडरबर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझं जहाज. वारा कुठनं?" मी बोट दाखवलं. "मग बोट काय दाखवतोस, फुंकर मार तिकडनं!" मारली. खोडरबर सरकलं. "आता सांग, तोंड कुठे वळवशील?" दुसऱ्या खेपेच्या पेपरात मी खरंच हळूच फुंकर मारत होतो. सुपरवायझर बघत होता, बघू दे म्हटलं.

तोंडी परीक्षेची तयारी करताना या शब्दाची खरी गंमत कळली. वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा ढकलतो त्या बाजूला लिहायचं लीवर्ड आणि जुन्या खलाशांनी म्हणायचं 'लूअर्ड', हे तर आहेच. पण 'ली' या जुन्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आडोसा. डेकवर ली बाजू म्हणजे वारा न लागणारी, चहाचा कप घेऊन उभं राहायची बाजू. आणि ली शोअर म्हणजे मात्र वारा ज्याच्याकडे ढकलतोय तो किनारा, शिडाच्या जहाजाचा काळच. १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं 'रॉयल चार्टर' घराजवळ पोचलं असताना वादळात सापडलं. नांगराचे साखळदंड तुटले आणि वाऱ्याने ते वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर नेऊन आपटलं. चारशेहून अधिक माणसं गेली, किनारा हाकेच्या अंतरावर असताना.

हे डोळ्यांसमोर आणलं की पुढचे अर्थ उलगडतात. वाऱ्याखालच्या अंगाला मोकळं पाणी भरपूर असेल तर जहाज थोडं सरकलं तरी बिघडत नाही. त्यातून लीवे म्हणजे मोकळीक, वाव, चुकायला जागा. आणि सरकून गेलेलं अंतर पुन्हा वाऱ्याशी भांडत मिळवावं लागतं, म्हणून लीवे म्हणजे मागे पडलेलं काम, थकलेली उधारी. शब्द सतराव्या शतकातला, हे दोन्ही अर्थ एकोणिसाव्यात रुळले. एकाच सरकण्यातून एकीकडे सूट आणि दुसरीकडे थकबाकी.

हे सगळं माहीत असून पुढे जहाजावर पुन्हा गंडलो, ते वेगळंच. लंडनच्या ऑफिसातून मेल आला, देखभालीच्या नोंदींबद्दल. त्यात वाक्य होतं, 'देअर इज कन्सिडरेबल लीवे टु मेक अप.' मी 'कन्सिडरेबल लीवे' एवढंच वाचलं आणि कॅप्टनना सांगितलं, "सर, भरपूर सवड दिलीय त्यांनी." त्यांनी मेल स्वतः वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तू चार्टवर्क कुठे शिकलास?" मजकुराचा अर्थ होता, तुम्ही बरेच मागे आहात, भरून काढा. मी खलाशी असून जमिनीवरच्या माणसांनी घासून गुळगुळीत केलेला अर्थ धरला होता; आणि ऑफिसात बसलेला तो कारकून खऱ्या समुद्रावरच्या अर्थाच्या जास्त जवळ होता, याचा राग जास्त आला.

तेव्हापासून मी आधी क्रियापद बघतो. 'गिव्ह' किंवा 'हॅव' असेल तर सूट मिळाली, 'मेक अप' असेल तर बाह्या सरसवायच्या. हा दुसरा वापर मुख्यतः ब्रिटिशांचा. अमेरिकन माणसाच्या मेलमध्ये लीवे दिसला की बहुतेक वेळा मी निर्धास्त असतो.

त्या वेळी मात्र निर्धास्त राहायची सोय नव्हती. पुढचं बंदर चार दिवसांवर होतं. थर्ड मेट, बोसन (खलाशांचा मुकादम) आणि मी लाइफबोटीच्या हुकांपासून आगीच्या नळांपर्यंत एकेक गोष्ट तपासत, ग्रीस लावत, वहीत तारखा टाकत बसलो. शेवटची नोंद झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि चारला माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी होती.