बिननावाची पेटी

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगणाऱ्या लेखांत आणि माहितीपटांत अटारी येते, निन्टेन्डो येते, सेगा आणि प्लेस्टेशन येतात. परंतु नव्वदच्या दशकात बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात टीव्हीखाली जी पेटी मांडलेली असे, तिचा उल्लेख त्यांत सहसा सापडत नाही. सापडणार तरी कसा? तिला धड नावच नव्हते. खोक्यावर एक नाव, पेटीच्या अंगावर दुसरे आणि दुकानदाराने पावतीवर लिहिलेले तिसरे, असा सगळा कारभार असे. आम्ही तिला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू आणि तेवढ्याने आमचे काम भागत असे.

या पेटीचे कूळ मात्र मोठे होते. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, विक्रीस आणला. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली तो घडला आणि त्याची किंमत होती १४,८०० येन. पुढे हेच यंत्र नवे रूप घेऊन ‘निन्टेन्डो एन्टरटेन्मेंट सिस्टिम’, म्हणजेच एन.ई.एस., या नावाने अमेरिकेत गेले आणि दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. आमची पेटी या सहा कोटींत नाही. अमेरिकेत पाठवलेल्या यंत्रात कंपनीने परवानगीवाचून बनवलेली खेळाची कॅसेट ओळखून अडवणारी चिप बसवली होती. जपानी फॅमिकॉममध्ये तसे कुलूप नव्हते. तैवानमधील कारागिरांना एवढी फट पुरेशी झाली. त्यांनी फॅमिकॉमच्या हुबेहूब प्रती काढल्या, पुढे सगळे यंत्र एकाच चिपमध्ये बसवून त्या आणखी स्वस्त केल्या, आणि जपानी कंपनीचा माल जेथे अधिकृतपणे फारसा पोहोचला नव्हता अशा अर्ध्या जगात या प्रती पोहोचल्या.

इतर देशांत या प्रतींनी नाव तरी कमावले. रशियात स्टीपलर नावाच्या कंपनीने १९९२ साली ‘डेंडी’ या नावाने त्या विकल्या आणि तेथे त्या पिढीच्या बालपणाचे दुसरे नाव डेंडी असेच झाले. त्या डेंडीच्या खोक्यावर चक्क एक हत्ती होता. हत्ती असलेल्या देशात मात्र पेटी निनावी राहिली. पोलंडमध्ये तिला ‘पेगासस’ म्हणत, तर चीनमध्ये ‘सुबोर’ नावाच्या कंपनीने तिला कीबोर्ड जोडून अभ्यासाचे यंत्र म्हणून पालकांच्या गळ्यात मारले. ही शेवटची युक्ती बेळगावच्या मुलांना वेळेवर कळली असती, तर पुष्कळ घरांतील वाटाघाटी सोप्या झाल्या असत्या.

आमची पेटी बेळगावच्या खडे बाजारातून आली. हलके प्लॅस्टिक, वर कॅसेट खोचण्याची फट, पुढे वायरने जोडलेले दोन रिमोट, आणि सोबत एक अडॅप्टर, जो अर्ध्या तासात इस्त्रीइतका तापे. रिमोटवरील फुलीच्या आकाराचे बटण हा गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या तंत्रज्ञाचा शोध. अंगठा न उचलता चारही दिशांना जाता येण्याची ती सोय इतकी नेमकी आहे की आजच्या महागड्या यंत्रांच्या रिमोटवरही ती कायम आहे. आमच्या रिमोटमध्ये त्या बटणाखालचे रबर लवकर झिजत असे आणि मग निन्टेन्डोच्या गाजलेल्या खेळाचा नायक मारिओ डावीकडे जायला काचकूच करू लागे. बुधवारच्या चित्रहारासाठी वापरायची अँटेनाची वायर काढून तिच्या जागी पेटीची वायर लावायची, टीव्हीचे एखादे रिकामे चॅनेल फिरवत फिरवत मुंग्यांच्या गर्दीतून चित्र शोधून काढायचे, आणि चित्र स्थिर झाले की बटणाजवळ बसलेल्याने श्वास रोखून हात काढून घ्यायचा, असा तो विधी होता.

आमचा टीव्ही कृष्णधवल होता, आणि त्यामुळे एक गुपित आम्हाला रंगीत टीव्हीवाल्यांच्या आधी कळले. मारिओच्या आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडपे यांचे चित्र एकच आहे. फक्त रंग बदललेला आहे. रंग काढून टाकले की ही काटकसर ताबडतोब उघडी पडते. ती करण्यावाचून गत्यंतरही नव्हते. १९८५ साली आलेला तो संपूर्ण खेळ, त्यातील आठही जग, संगीत, शत्रू आणि गुप्त वाटा यांसह अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोला याच्या कैक पट जागा लागते. यंत्राची स्वतःची कामाची मेमरी २ किलोबाइट. एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलती चित्रे दाखवण्याची त्याची ताकद नव्हती, म्हणून गर्दी झाली की गेम त्यांना आळीपाळीने दाखवत असे आणि माणसे, गोळ्या, राक्षस सगळे लुकलुकू लागत. आम्हाला ती लढाईची धामधूम वाटे. मला विचाराल तर अजूनही तसेच वाटते; जे यंत्र आपली दमछाक लपवत नाही, त्याच्याविषयी माया वाटणे स्वाभाविक आहे.

याहून मजेची गोष्ट वेगाची आहे. जपानमध्ये टीव्हीचे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होते, तर आपल्याकडील जुन्या टीव्हीवर ५० वेळा. या खेळांची चाल चित्राच्या ठोक्यावर बांधलेली असे, त्यामुळे आपल्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेल्या पेटीत जपानी खेळ घातला की मारिओ एक षष्ठांशाने मंद धावे आणि कोजी कोंडो यांचे ते प्रसिद्ध संगीतही तितकेच संथ वाजे. शिवाय अशा अनेक प्रतींच्या चिपमध्ये ध्वनीच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली असे, म्हणून आवाजाचा पोतही मूळ यंत्रापेक्षा निराळा. म्हणजे आम्ही जो मारिओ खेळलो, तो क्योतोत बसून घडवणाऱ्यांनी कधी ऐकलाच नसेल. कोल्हापूरची मिसळ बेळगावात आली की जरा सौम्य होते. त्यातलाच हा प्रकार म्हणावा.

कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे. आकडा वाचून पहिल्या दिवशी छाती दडपे आणि दुसऱ्या दिवशी खरा हिशेब कळे: खेळ असत वीस-पंचवीस, आणि तेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी, कधी तिसऱ्या स्टेजपासून, कधी जास्त जीव देऊन यादीत घुसवलेले असत. एकदा अशा कॅसेटचे दोन तुकडे झाले तेव्हा आत पाहिले. अर्ध्याअधिक रिकाम्या प्लॅस्टिकमध्ये बोटभर हिरवी पट्टी, तिच्या एका कडेला साठ सोनेरी दात आणि मधोमध काळ्या डांबरासारखा एक गोळा. त्या गोळ्याखाली चिप असते. तिला स्वतंत्र आवरण द्यायला पैसे लागतात, म्हणून वरून राळ ओतून मोकळे व्हायचे. गेम अडला की आम्ही त्या दातांवर फुंकर मारत असू. जगभरची मुले हेच करत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. खरे तर फुंकरीतील ओलाव्याने दात गंजतात. गेम चालू होई तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. परंतु फुंकर मारण्याचा मान ज्याचा, त्याला हे पटवून देण्याची कोणाची हिंमत होती?

गल्लीत सर्वांत जास्त चालला तो रणगाड्यांचा गेम, नाम्को कंपनीचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. त्यात विटांच्या भिंतीआड आपला गरुड सांभाळायचा आणि वरून येणारे रणगाडे फोडायचे, एवढीच गोष्ट. दोघांनी मिळून खेळायचा असल्याने त्यात शत्रूपेक्षा भागीदाराशी भांडणे अधिक होत. त्यातच आपले मैदान आपण आखण्याची सोय होती: कोठे वीट, कोठे लोखंड, कोठे पाणी, कोठे झाडी हे सगळे आपणच ठरवायचे. आम्ही खेळण्यापेक्षा आखण्यातच जास्त रमत असू आणि गरुडाभोवती लोखंडाची तिहेरी तटबंदी उभारत असू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले तेव्हापासून ज्या भागात सीमेचाच विषय घरोघरी चघळला जातो, तेथील मुलांना रेषा आखण्याचा छंद जडावा यात आश्चर्य नाही. वीज गेली की ती आखणीही पुसली जाई.

भाषेचा प्रश्न मात्र त्या पेटीपुढे कधी उद्‌भवला नाही. दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावरून आमच्या शहरात मोर्चे निघत, पण टीव्हीवर उमटणारी अक्षरे इंग्रजी किंवा जपानी असल्याने मराठी शाळेतला आणि कन्नड शाळेतला मुलगा सारखाच अडाणी ठरे. शेजारचा बसू जीव मोजताना ‘ओंदु, येरडु, मूरु’ म्हणे आणि आम्ही एक, दोन, तीन म्हणत असू. जीव दोघांचेही तीनच असत आणि ‘ए, तुझी लाईफ संपली की, दे आता रिमोट’ हे वाक्य दोघांनाही सारखेच झोंबे. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या खेळात तीस जीव मिळवण्याची खूण तर सगळ्यांना पाढ्यासारखी पाठ होती: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. ती मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी स्वतःच्या सोयीने घातली होती. खेळ तपासायचा होता आणि तो त्यांनाच फार अवघड जात होता. ना इंटरनेट, ना मासिक, अशा काळात ती खूण तोंडातोंडी आमच्या वडगावच्या गल्लीपर्यंत पोहोचली. ती नेमकी कोणत्या वाटेने आली हे कोणी शोधून काढले तर मी आनंदाने वाचेन.

पेटीसोबत बंदूकही येई आणि ती बदके मारण्यासाठी असे. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. उलट ती प्रकाश आत घेते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम लागला असे गेम मानतो. आम्ही बंदूक घरातल्या बल्बवर रोखून बदके पाडण्याचा खटाटोप केला आणि एकही बदक पडले नाही, कारण बल्ब मध्येच काळा होत नाही. तो काळा क्षण लबाडी पकडण्यासाठीच होता. हे सगळे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेले असल्याने घरोघरी सपाट टीव्ही आले आणि बंदुका कायमच्या मुक्या झाल्या.

विजेचा उल्लेख आलाच आहे, तर तो पुरा करतो. आमच्याकडे वडगाव-शहापूर भागात विजेवरचे माग दिवसभर खडखडत असत आणि वीज गेली की आधी तो आवाज थांबे, मगच टीव्हीचा ठिपका विझे. या पेटीत खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. जपानी कॅसेटमध्ये बॅटरी घालून ती पुढे दिली गेली, पण आमच्या स्वस्त कॅसेटमध्ये बॅटरी कोण घालणार? त्यामुळे सातव्या जगात पोहोचलेला मारिओ वीज आल्यावर पुन्हा पहिल्या विटेखाली उभा. समोरच्या घरातले मागवाले काका दारात येऊन म्हणत, ‘तुमचं बी थांबलं व्हय रे?’ त्यांचे नुकसान खरे होते, आमचे खोटे; पण त्यांनी दोन्ही एकाच सुरात विचारावे याचे आम्हाला फार बरे वाटे.

या पेटीचे आकर्षण टिकून का आहे, याला स्मरणरंजनापलीकडेही कारण आहे असे मला वाटते. बटण दाबले की ती चालू होते. तिला पासवर्ड, अपडेट, जाहिरात यांतले काहीच लागत नाही. तिच्या मर्यादा इतक्या स्वच्छ आखलेल्या आहेत की आजही जगभरचे हौशी लोक त्याच २ किलोबाइट मेमरीवर चालणारे नवे खेळ हौसेने लिहितात. खुद्द निन्टेन्डोने २०१६ साली तीस खेळ आत भरलेली छोटी पेटी बाजारात आणली तेव्हा मला हसू आले. अनेक खेळ एका पेटीत कोंबण्याची ही कल्पना आमच्या ‘९९९९९९ इन १’ वाल्यांनी फार पूर्वीच राबवली होती, फक्त मोजणीत थोडी उदारता दाखवून.

गेल्या दिवाळीत भाच्याने संगणकावर मारिओ लावून दिला. जुने यंत्र हुबेहूब वठवणारा तो प्रोग्रॅम होता. पहिल्याच खड्ड्यात पडलो, दुसऱ्यातही पडलो. ‘मामा, तू उडी उशिरा मारतोयस,’ असे तो म्हणाला, आणि माझ्या ध्यानात आले की हा साठ ठोक्यांचा जपानी मारिओ आहे आणि माझा अंगठा पन्नासावर घडलेला आहे. सेटिंग उघडून पाहिले, तर जपान-अमेरिका आणि युरोप यांखाली तिसरा पर्याय होता: डेंडी. तैवानी प्रतींची चाल साऱ्या जगासाठी त्या एका रशियन नावाने नोंदवली गेली आहे. तो पर्याय निवडला, संगीत रेंगाळले, आणि मी पहिले जग न मरता पार केले. ‘मामा, हे तर स्लो झालं की,’ असे म्हणून भाच्याने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि सेटिंग पुन्हा जपानवर नेले.