बाहुल्या गावल्या का?

चार माणसं एकाच सुरात 'वाचलंच पाहिजेस' म्हणाली की ते पुस्तक माझ्याकडून वाचलं जात नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही, निव्वळ हट्ट आहे. इटालियन लेखिका एलेना फेर्रांतेचं 'माय ब्रिलियंट फ्रेंड' मी याच हट्टापायी सात-आठ वर्षं टाळलं. ऑफिसातली एकजण डब्याच्या सुट्टीत त्याबद्दल बोलताना डोळे पुसायची. माझी भाची तर 'मावशी, तू अजून वाचलं नाहीस?' हे अशा आवाजात विचारायची, जणू मी पोलिओचा डोस चुकवलाय. त्यात ते मुखपृष्ठ! समुद्राकडे तोंड करून उभे नवरा-नवरी आणि मागे परीसारखे झगे घातलेल्या लहान पोरी. फोटो स्टुडिओच्या काचेत लावायचं चित्र.

जुलै २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं ५०३ लेखक-समीक्षकांना वगैरे विचारून या शतकातल्या शंभर उत्तम पुस्तकांची यादी काढली आणि त्यात हे पहिलं आलं. मग तर मी ठरवूनच टाकलं, की नाहीच.

वाचलं ते एसटीमुळे. गेल्या डिसेंबरात इचलकरंजीला माहेरी निघाले होते. खंबाटकीचा घाट यायच्या आत फोन मेला, शेजारच्या काकू झोपल्या, आणि पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली भाचीनं कोंबलेलं ते पुस्तक सापडलं. पहिल्याच पानांवर पात्रांची यादी, घराण्यांनुसार: चांभाराचं घर, शिपायाचं घर, सुताराचं, भाजीवाल्याचं, बेकरीवाल्याचं, एक वेडी विधवा, आणि रेल्वेत नोकरी करणारा एक कवी. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमची गल्ली. (आमचा कवी पोस्टात होता. एवढाच फरक.)

नेपल्स शहराची एक गरीब वस्ती, १९५० नंतरची वर्षं. शिपायाची मुलगी लेनू आणि चांभाराची मुलगी लीला. दोघींच्या हातात एकेक बाहुली. लीला काही न बोलता लेनूची बाहुली तळघराच्या झरोक्यातून अंधारात टाकून देते. लेनू रडत नाही. ती लीलाची बाहुली टाकते. मग दोघी तळघर पालथं घालतात, बाहुल्या नाहीत. लीला म्हणते, डॉन अकिलेनं नेल्या. हा वस्तीतला सगळ्यांना धडकी भरवणारा माणूस. दोघी त्याच्या जिन्यानं वर चढतात आणि अर्ध्यावर लीला लेनूचा हात धरते.

साताऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मी उतरले नाही.

लोकांनी मला सांगितलं होतं, ही मैत्रीची सुंदर गोष्ट आहे. तिथंच फसगत झाली होती माझी. ही पुढे जाणारीच्या मनातल्या चोरट्या हिशोबाची गोष्ट आहे. लीला जास्त हुशार. शाळेत न जाताच आपली आपण वाचायला शिकलेली. पण प्राथमिकनंतर लेनूच्या घरचे कुरकुरत का होईना पुढे शिकवतात, लीलाच्या घरचे नाही. ती ओरडते, भांडते, आणि बाप तिला खिडकीतून रस्त्यावर फेकतो. हात मोडतो. हे वाचताना कऱ्हाड आलं होतं बहुतेक, मला माहीत नाही. पुढे एकदा लायब्ररीत सगळ्यात जास्त पुस्तकं नेणाऱ्यांना बक्षिसं देतात. पहिलं लीलाला, दुसरं तिच्या बापाला, तिसरं आईला, चौथं भावाला. लेनू पाचवी. त्या चांभाराच्या घरात वाचणारी एकटीच होती. बाकीची कार्डं तिनंच घरच्यांच्या नावावर काढलेली.

माझीही एक होती. नाव लिहीत नाही. आमच्या बोळात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र, आणि आम्ही त्यावरून ओरडून बोलायला शिकलेल्या. दहावीपर्यंत भूमितीचं प्रमेय ती पाटीवरच्या चित्राकडे बघून सांगायची, मी पाठ करायचे. १९९३ साली दहावीला तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. जूनमध्ये मी कॉलेजात आणि ती कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला. मला वाईट वाटलं, हे मी सगळ्यांना सांगते. वर्गात आता पहिला नंबर माझा येणार, हेही त्याच क्षणी मनात आलं होतं. ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लेनू ते पानापानांवर सांगते, लाज न बाळगता.

आणखी एक गोष्ट. फेर्रांते बोलीतले संवाद जवळजवळ लिहीतच नाही. नुसतं सांगते, की 'ती बोलीत म्हणाली', 'आता इटालियनमध्ये म्हणाली'. आधी मला राग आला. आपल्याकडे ग्रामीण कादंबरीत बोली कशी ठसक्यात येते! मग कळलं, की हे लेनू लिहितेय. वस्ती सोडून गेलेली, शाळेची भाषा अंगात मुरलेली. तिच्या हातून बोली कागदावर उतरतच नाही. आमच्याकडे मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी 'मी जेवून आलो' म्हटलं आणि पाच जणी हसल्या. पंधरा दिवसांत मी 'आले-गेले' झाले. तेव्हापासून तेच लिहिते, हे लिहितानाही. अॅन गोल्डस्टाईन या तिच्या इंग्रजी अनुवादिकेनं मोठेपणी, न्यू यॉर्कर साप्ताहिकातल्या सहकाऱ्यांबरोबर इटालियन महाकवी दान्ते वाचता यावा म्हणून इटालियन शिकायला घेतलं होतं, हे नंतर वाचलं आणि उगीच आपुलकी वाटली. नंतर शिकलेल्या भाषेचं दुखणं तिलाही माहीत असणार.

दोष आहेत. वयात येण्याचा मधला भाग रेंगाळतो, पोरांची नावं शेवटपर्यंत घोटाळतात, आणि शेवटची लग्नाची पंगत तर थेट 'क्रमशः' म्हणून थांबते, दिवाळी अंकात शोभेलशी. पंगतीत एकजण कुठले बूट घालून येतो ते मी सांगत नाही. मी रात्री दीडला आईच्या माजघरात 'मेल्या!' म्हणून ओरडले, एवढंच.

२०१६ मध्ये एका इटालियन पत्रकारानं पैशांच्या नोंदी उकरून फेर्रांते हे टोपणनाव घेणारी बाई कोण ते शोधल्याचा दावा केला. मी तो लेख उघडला नाही. १९३३ मध्ये टोपणनावानं 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा आपल्याकडेही 'ही विभावरी शिरूरकर कोण' म्हणून असाच कालवा झाला होता. बाईनं खरं लिहिलं की लोकांना आधी तिचा पत्ता हवा असतो.

पुस्तक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या त्या मैत्रिणीकडे गेले. आता तिचेच चार माग आहेत, नवऱ्याच्या नावावर, पण हिशोब तिच्याकडे. चहा होईपर्यंत मी तिला निम्मी कादंबरी सांगितली: बाहुल्या, जिना, खिडकी, लायब्ररीची कार्डं. मार्कांचं मनातलं ते मात्र नाही सांगितलं. ती बशीत चहा ओतत ऐकत होती. कार्डांवर हसली. खिडकीवर काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ दे. बाहुल्या गावल्या का न्हाई?"

मला माहीत नव्हतं. पहिल्या भागात गावत नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उरलेले तीन भाग मिळेपर्यंत फेब्रुवारी आला, आणि मधे मार्च एंड. चौथा भाग मेमध्ये संपला. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, अगदी शेवटी, दीड हजारावर पानं उलटल्यावर. मी तशीच उठून तिला फोन लावला. मागे माग चालू होते, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं.

"हां," ती म्हणाली. "मला वाटलंवतंच की."

मग म्हणाली, लाईट जायच्या आत मागावरून कापडाची दोन पिसं उतरवायचीत, ठेवतो.

"ठेव," मी म्हटलं. "मी येतो दिवाळीत."

तिकडून ती हसली का, ते खडखडाटात कळलं नाही.