खाते कोणाच्या नावावर, हे आधी विचारा

देवगड तालुक्यातील आमची हापूसची बाग लहान आहे. वाशीच्या बाजारात माल घालण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवली की चार पैसे जास्त सुटतात, म्हणून तीन हंगामांपूर्वी मी एका डिजिटल मार्केटिंग कंपनीला काम दिले आणि ते देताना केवळ दर पाहिला. यंदा कंपनी बदलायची ठरवली, तेव्हा नवी कंपनी आठवडाभरात सापडली. जुन्या कंपनीकडून माझ्याच वस्तू माझ्या ताब्यात यायला मात्र जवळपास महिना गेला.

निवडीसाठी तीन कंपन्यांशी बोललो. पहिलीने गूगलवर पहिल्या क्रमांकाची लेखी हमी देऊ केली. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच स्पष्ट लिहून ठेवले असल्यामुळे ती लगेच बाद झाली. दुसरीने किती लोकांनी जाहिरात पाहिली याचे मोठमोठे आकडे दाखवले. तिसऱ्या कंपनीतील बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला: "मागच्या हंगामात एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च किती पडला?" मला उत्तर देता आले नाही, कारण जाहिरातीचे खाते मी कधी उघडून पाहिलेच नव्हते, माझ्याकडे दरमहा येत असे ती रंगीत आलेखांची पीडीएफ. मी त्याच बाईंच्या कंपनीला काम द्यायचे ठरवले.

पुढे सगळे अडले. गूगल नकाशावर आमच्या विक्री केंद्राची जी नोंद आहे, तिचा मालक म्हणून जुन्या कंपनीचा ई-मेल होता. मालकी मागणारी विनंती मी रीतसर पाठवली. अशा विनंतीला उत्तर देण्यासाठी सध्याच्या मालकाला 3 दिवस मिळतात, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ती नाकारली. फोन केला तर हिशेब विभागाचे ना-हरकत पत्र हवे, असे उत्तर मिळाले. माझी सर्व बिले चुकती होती. बिलांच्या प्रती जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवले, तेव्हा सूर बदलला: देण्यास हरकत नाही, पण त्या ई-मेलचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या मोबाइलवर जातो, आम्ही तरी काय करणार? एव्हाना पहिल्या काढणीची फळे अढीत पडली होती आणि नकाशावरच्या नोंदीत गेल्या वर्षीचाच दर झळकत होता.

शेवटी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो आणि त्यांच्या कार्यालयात ठाण मांडून बसलो. साहेब अर्थातच मीटिंगमध्ये होते. त्या मुलाचा नंबर शेवटी मीच मागून घेतला. त्याने बिचाऱ्याने नव्या नोकरीतल्या जेवणाच्या सुट्टीत सहा आकडे वाचून दाखवले आणि पाच मिनिटांत माझे नाव मालक म्हणून चढले. तरीही त्यांचे नाव लगेच काढता येईना, कारण नव्या मालकाला जुन्यांना हटवण्यासाठी 7 दिवस थांबावे लागते. ते सात दिवस मी रोज सकाळी बागेत जाण्याआधी नोंद उघडून पाहत होतो.

जाहिरातीचे खाते मात्र मिळालेच नाही. त्यांनी अनेक गिऱ्हाइकांच्या जाहिराती एकाच खात्यातून चालवल्या होत्या, त्यामुळे ते माझ्या हवाली करणे शक्य नव्हते. त्याच बैठकीत, लोकांनी काय शोधल्यावर आमची जाहिरात उघडली गेली, याची यादी त्यांच्या पडद्यावर पाहायला मिळाली. "आंबा लोणचे रेसिपी", "हापूस कलम किंमत", "देवगड हॉटेल". प्रत्येक क्लिकचे पैसे माझे! नको असलेले शब्द वगळण्याची सोय गूगल जाहिरातीत असते. तीन हंगामांत ती कोणी वापरली नव्हती आणि मी विचारले नव्हते. ही यादी दर महिन्याला मागून घ्यावी. आलेखांपेक्षा ती जास्त बोलते.

यंदा खाते माझ्या ई-मेलने उघडले, कार्ड माझे लावले आणि नव्या कंपनीला आत येऊन काम करण्यापुरता प्रवेश दिला. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावाने नोंदलेले आहे हेही तपासावे. माझे सुदैवाने पुतण्याने स्वतः घेतले होते, नाहीतर आणखी एक फेरी झाली असती. काम संपल्यावर किती दिवसांत काय काय परत द्यायचे, हे करारात लिहून घेताना मला थोडा संकोच वाटला, पण त्या बाईंना अजिबात वाटला नाही. आणखी एक राहिलेच: कंपनीची फी आणि जाहिरातीवरचा प्रत्यक्ष खर्च वेगवेगळे लिहून मागावेत आणि सांगितलेल्या दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हे पहिल्याच भेटीत विचारावे. मला ते पहिल्या वर्षी बिल हातात आल्यावर कळले होते.