अण्णांचा नंबर आणि माझा कॉम्प्युटर

माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. मी कोथरूडला. रोज सकाळी आठला मी त्यांना फोन करते. पहिल्या चहाच्या वेळेला त्यांचा आवाज ऐकला की मगच माझं काम सुरू होतं. मी घरून डीटीपी, म्हणजे पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावून छपाईसाठी तयार करायचं काम करते, १९९८ पासून.

२०२५ च्या जुलैत त्यांचा फोन लागेनासा झाला. "आपण डायल केलेला क्रमांक सध्या संपर्क क्षेत्राबाहेर आहे." पहिल्या दिवशी मी स्कूटर काढली आणि झेड ब्रिजवरून वाड्यात पोचले, तर अण्णा कॉटवर बसून पेपर वाचत होते. फोन शेजारी चार्ज होऊन पडलेला. पुढच्या पंधरा दिवसांत असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी अण्णा ठणठणीत, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा.

अण्णांना घेऊन मी त्यांच्या कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने सिम काढून पाहिलं आणि म्हणाला, "काका, सिम खराब झालंय. घासलंय पार. बदलून घ्या, रेंज येईल." आधार कार्ड, अण्णांचा फोटो, सही. संध्याकाळी नवं सिम सुरू झालं. ही गोष्ट बुधवारची, २० ऑगस्टची. गणपती पुढच्या बुधवारी बसणार होते.

गुरुवारी सकाळी गॅसचं सिलिंडर आलं. हल्ली सिलिंडर घेताना नोंदणी केलेल्या मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. अण्णांच्या फोनवर कोड आलाच नाही. सिलिंडर घेऊन आलेला मुलगा भला होता, दहा मिनिटं थांबला, पुन्हा कोड पाठवला. तोही आला नाही. शेवटी त्याने सिलिंडर परत नेलं, कारण कोडशिवाय नोंद होत नाही. अण्णांनी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून मला कळवलं, "अगं, फोनवर मेसेजच येत नाहीत. बिघडला की काय?"

काहीच बिघडलं नव्हतं. सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे. एखाद्या भामट्याने तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं, तर बँकेचे ओटीपी लगेच त्याच्या हातात पडू नयेत, मूळ मालकाला आपला फोन बंद पडल्याचं कळायला एक दिवस तरी मिळावा, म्हणून तो केलेला आहे. अण्णांसारख्यांची आयुष्यभराची पुंजी त्यामुळे वाचू शकते. पण आदल्या दिवशी काउंटरवर अर्धा तास बसलो होतो आम्ही. "उद्यापर्यंत मेसेज येणार नाहीत, बँकेचं किंवा गॅसचं काही असेल तर परवा करा," एवढं एक वाक्य त्या मुलाने सांगायला हवं होतं.

रेंज काही आली नाही. सिमचा दोष नव्हताच.

वाड्याच्या भिंती दीड हात जाड आहेत, आणि समोर दोन वर्षांपूर्वी सात मजली इमारत उभी राहिली आहे. मोबाइलच्या लहरी जितक्या वरच्या बँडच्या, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या, तितक्या त्या भिंतीत जास्त अडतात. खालच्या बँडच्या त्यातल्या त्यात आत शिरतात. कोणत्या कंपनीचा कोणता टॉवर कुठे आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून मी एक साधा उपाय केला. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिम पाच पाच मिनिटं मागून घेतली. ती लहान आकाराची असतात आणि अण्णांचा बटणांचा फोन जुना, म्हणून वर प्लॅस्टिकची चौकट लावून त्यांच्याच फोनमध्ये घातली आणि अण्णांच्याच कॉटवर बसून माझ्या नंबरवर फोन लावून पाहिला. स्मार्टफोनवर रेंजच्या कांड्या किती दिसतात ते बघून उपयोग नसतो, तो वेगळ्या जाळ्यावर चालत असतो. एक सिम अगदी स्वच्छ चाललं, न्हाणीघरातसुद्धा.

मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं ठरलं. हा नंबर अण्णांनी २००५ साली घेतला. बँक, पेन्शन, गॅस, दवाखान्याची फाइल, जुन्या प्रेसमधले चार सोबती, सगळीकडे तोच आहे. तो बदलण्याचा प्रश्नच नव्हता. भारतभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे, पण आमच्या घरात कुणी ती वापरली नव्हती.

२५ ऑगस्टला अण्णांना घेऊन वाड्याच्या दरवाजात उभी राहिले, कारण तिथेच दोन कांड्या येतात. 'PORT' असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून पुढे दहा आकडी नंबर टाकला आणि १९०० वर पाठवला. उत्तर आलं ते नकाराचं. सिम बदलून सात दिवस झालेले नसतील तर पोर्टचा कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासूनचा हा नियम. हाही फसवणूक रोखण्यासाठीच आहे आणि यालाही माझा विरोध नाही. पण नको असलेलं सिम आमच्या गळ्यात मारलं गेलं, त्यामुळे एक दिवस मेसेज बंद राहिले आणि एक आठवडा कंपनी सोडायची वाट बंद झाली. हे दोन्ही त्या मुलाला ठाऊक नव्हतं, की त्याला सांगू दिलेलं नव्हतं? मला वाटतं, त्याला शिकवलेलंच नव्हतं. वय असेल बाविसेक. त्याला जे विकायला सांगितलं होतं तेवढं तो विकत होता.

सात दिवस संपेपर्यंत गणपती आले होते. विसर्जनाच्या दिवशी तर पेठांमध्ये कुणाचाच फोन लागत नाही, एवढी गर्दी टॉवरवर असते. त्या सगळ्या गडबडीतून बाहेर पडून मंगळवारी, ९ सप्टेंबरला पुन्हा मेसेज केला. आठ अक्षरांचा कोड आला. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो, म्हणून त्याच दुपारी रिक्षाने अण्णांना नव्या कंपनीच्या दुकानात नेलं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, पोर्ट करायला तीन कामाचे दिवस लागतात. शुक्रवारी पहाटे जुनं सिम बंद पडलं, नवं घातलं, आणि आठ वाजता अण्णांचा आवाज आला, "बोल." मी ओट्याशी उभी होते, तिथेच जरा वेळ थांबले.

जुन्या कंपनीकडच्या रिचार्जचे अकरा दिवस शिल्लक होते, ते बुडाले. पोर्ट केल्यावर शिल्लक पुढे येत नाही. हे मला आधी माहीत होतं आणि मी ते मान्य केलं होतं, पण अण्णांना ते लागलं. ते अडतीस वर्षं नारायण पेठेतल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईचे खिळे जुळवताना ओळींमध्ये घालायची एक लेडची पट्टीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, ही सवय. पै-पैचा हिशेब वहीत.

त्याच वहीमुळे मला आणखी एक गोष्ट कळली. अण्णा दर अठ्ठावीस दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्ज करत होते. वर्षात बारा महिने, वहीत नोंदी तेरा. आणि जो पॅक मारला जात होता त्यात रोजचा दीड जीबी डेटा होता. बटणांच्या फोनवर! इंटरनेट म्हणजे काय हे ज्यांच्या फोनला माहीत नाही, त्यांनी वर्षानुवर्षं डेटाचे पैसे भरले. ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांच्यासाठी डेटा नसलेला, नुसता कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असं ट्राय या टेलिकॉम नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं. तो पॅक वर्षभराच्या मुदतीचाही असू शकतो. शिवाय निदान एक पॅक अठ्ठावीस नव्हे तर तीस दिवसांचा हवा, हे २०२२ मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे ही सोय आहे, कागदावर नाही, खरोखर आहे. पण दुकानात भिंतीवर जो रंगीत तक्ता लावलेला असतो, त्यात मला ती दिसली नाही. नाव घेऊन मागावी लागली. आता अण्णांना नुसत्या बोलण्याचा पॅक आहे आणि वहीत नोंद झाली आहे.

तुमच्या घरात अशी कुणी म्हातारी माणसं असतील तर त्यांचा रिचार्ज कोणता आहे ते एकदा बघा, मी हात जोडून सांगते. आणि दुकानात काम झालं नाही तर कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरवर फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक हातात असेल तरच कंपनीतल्या अपिलाच्या पायरीवर जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहून वाट पाहण्यात दिवस जातात.

हे निस्तरतंय तोवर माझ्या कामाचा मोसम सुरू झाला होता. डीटीपीवाल्यांना ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंक. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे अंक त्याच्या बऱ्याच आधी बाइंडरकडे गेले पाहिजेत. आणि माझ्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी पूर्णपानी सूचना येऊ लागली, की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आहे.

कॉम्प्युटर २०१७ चा. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, माझा सातव्या पिढीचा आय-५. म्हणजे एका पिढीने हुकला. टिळक रोडवरच्या ज्या दुकानात मी नेहमी जाते तिथे विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, चौदा तारखेनंतर हा चालणार नाही. नवीनच घ्या." पंचावन्न हजारांचं कोटेशन हातात दिलं. दोन अंकांची मिळून एकशे नव्वद पानं माझ्याकडे अर्धवट लागलेली होती. मी आगाऊ रक्कम द्यायला पर्स उघडली होती.

सिमचा अनुभव ताजा नसता तर दिलीच असती. मी म्हटलं, उद्या सांगते. रात्री घरी बसून नीट वाचलं. सपोर्ट संपणं म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणं नव्हे. तो चालत राहतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात, आणि इंटरनेटला जोडलेल्या, बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर तो धोका खरा आहे. तो मी हलका करून सांगणार नाही. मात्र घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडून ठेवला तर पैसे पडत नाहीत. नोंदणी अपडेटच्याच पानावर आहे. मला सात मिनिटं लागली.

ते पंचावन्न हजार मी कधीच खर्च करणार नाही असं नाही. नवीन मशीन घ्यावं लागणार आहे. पण ते दिवाळी अंकाच्या ऐन धांदलीत, घाबरून नाही.

कारण माझी खरी अडचण मशीनची नाहीच, फाइलींची आहे. १९९८ पासूनच्या माझ्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. आणि तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर येतो त्याचं लॉक, ते पाठीमागे खोचायचं बोटाएवढं यंत्र, नव्या मशीनवर ओळखलं जाईल याची खात्री मला कुणी दिलेली नाही. यात तीन लेखकांची सगळी पुस्तकं आहेत. त्यातले दोघे आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांकडेही दुसरी प्रत नाही. कुणी पुढची आवृत्ती काढायची म्हटलं तर या फाइली हव्यात.

म्हणून दिवाळी झाल्यापासून रोज रात्री तासभर मी एकेक फाइल युनिकोडमध्ये आणते आहे. कन्व्हर्टर आहेत, पण डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार सरकतो. सगळ्यात जास्त मोडतात ते 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' यांतले अर्धे र. मराठीत हे पानोपानी येतात.

प्रुफं मी अण्णांकडे नेते. मोठ्या टाइपात छापून, शनिवारी. ते लाल पेनने खुणा करतात आणि रविवारी सकाळी आठला मीच फोन लावला की आधी चुकांचे पान क्रमांक वाचून दाखवतात. मागच्या रविवारी बेचाळीस निघाल्या. सध्या २००४ च्या फोल्डरवर आहोत.

तक्ते आणि तळटीपा असलेली पानं मात्र अडली आहेत. कन्व्हर्टरमधून गेली की तक्त्यातले स्तंभ एकमेकांत मिसळतात आणि टीपांचे आकडे गळून पडतात. तुमच्यापैकी कुणी पेजमेकरच्या अशा फाइली तक्त्यांसकट बाहेर काढल्या असतील तर कोणत्या क्रमाने काढल्या ते मला खाली लिहा. १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत मला त्या सगळ्या बाहेर काढायच्या आहेत.